खाटेखालचं विमान

गुणाजी भिवा भाटकर १९३२ सालच्या जूनमध्ये रत्नागिरीच्या शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन धोतरं, दोन सदरे, मामाचा उसना कोट, भूमितीचं पुस्तक आणि अगदी तळाशी बांबूची बावीस कांबटं होती. सुतळीने बांधलेली, वर वर्तमानपत्र गुंडाळलेली. वसतिगृहात त्याच्या खोलीत राहायला आलेल्या बाबल्याला वाटलं, हा टोपल्या विणतो की काय.

"टोपल्या नाहीत," गुणाजी म्हणाला. "विमान करायचंय."

बाबल्या राजापूरचा, पेठेत वाढलेला, बोलका मुलगा. तो पोट धरून हसला. मग गुणाजी हसत नाही हे पाहून तो थांबला आणि म्हणाला, "बसायला जागा किती?"

"एकही नाही. दोन हात लांबीचे पंख. आपलं आपण उडालं पाहिजे."

"आणि नाही उडालं तर?"

"तर दुसरं करीन."

गुणाजीचं घर खाडीपलीकडे, भाट्याला. तरीत बसून पलीकडे उतरलं की घटकाभराची वाट. पण ट्रेनिंगच्या दोन्ही वर्षांत प्रत्येकाने वसतिगृहातच राहायचं असा नियम होता. त्याचा बाप भिवा मासेमारी करायचा. गुणाजी अकरा वर्षांचा असताना तो तापाने गेला. आई धोंडूबाई डोक्यावर पाटी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात मासे विकू लागली आणि तिने मुलाला सातवीच्या परीक्षेपर्यंत शिकवलं. पुढे तीन वर्षं तो गावच्या शाळेत हंगामी मास्तर होता. आता बावीस वर्षांचा झाल्यावर खात्याने त्याला ट्रेनिंगला पाठवलं होतं. पास झाला की कायमचा मास्तर. भाट्याच्या त्यांच्या वाडीतून एवढ्यापर्यंत कोणी पोचलं नव्हतं.

विमानाचं वेड मात्र मास्तरकीच्या आधीचं. अठरा वर्षांचा असताना तो काकाच्या होडीवर गेला होता. होडी किनाऱ्यापासून बरीच बाहेर होती आणि उत्तरेकडून किनारा धरून एक विमान आलं. होडीतली माणसं ओरडली, कोणी हात जोडले, केरूकाकाने जाळं सोडून दिलं. गुणाजी तेवढा गप्प उभा होता. विमान पार दिसेनासं होईपर्यंत त्याने एकच गोष्ट पाहिली. त्याचे पंख हलत नव्हते. घार तरंगते, पण तिलाही मध्ये मध्ये पंख मारावे लागतात. हे अवजड लोखंड पंख न हलवता वर राहतं कसं? शाळेतल्या हेडमास्तरांना त्याने विचारलं. ते म्हणाले, इंजिन असतं. इंजिन तर आगबोटीलाही असतं, ती कुठे उडते? या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही, आणि दुसरं उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तेव्हापासून तो पतंग, भिंगऱ्या, करवंटीचे पंखे असं काही ना काही करत राहिला.

वसतिगृहात येऊन आठवडा झाला नाही तोच खाटेखाली सांगाडा उभा राहू लागला. कांबटं तासून काडीसारखी बारीक केलेली. पंखांच्या आडव्या पट्ट्यांना भेंड, बाशिंगाला वापरतात तेच, फुंकर मारली तर उडून जाईल असं हलकं. पुढचा पंखा पांगाऱ्याच्या लाकडातून कोरलेला. हे सगळं चिकटवायला त्याने सुताराकडून सरस आणला आणि एका रविवारी सकाळी खोलीच्या दारात शेगडी मांडून तो शिजवायला ठेवला.

सरस शिजतो कातड्या-हाडांचा. त्याचा वास भिंतींना ऐकत नाही. पाऊस धो धो कोसळत होता, हवा कोंडलेली, आणि वास सरळ स्वयंपाकघरात शिरला. आचारी पळी घेऊनच बाहेर आला. "मी या वासात भात रांधणार नाही," असं म्हणून तो तडक सुपरिंटेंडंटच्या घराकडे निघाला. जाता जाता एवढंही म्हणाला, की कोळ्याखारव्यांची पोरं घेतली की हे असं होणारच.

सुपरिंटेंडंट फणसळकर मास्तर उंच, किडकिडीत, कायम छत्री बाळगणारे. ते खोलीत आले. छत्रीच्या टोकाने त्यांनी खाटेखालून सांगाडा अलगद पुढे ओढला.

"भाटकर, हे काय आहे?"

"विमान, मास्तर."

"कॉलेजात आपण कशासाठी आलात?"

"मास्तर व्हायला."

"मग?"

बाबल्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. शेवटी गुणाजी म्हणाला, "मास्तर, अभ्यास चुकवत नाही. मोकळ्या वेळात करतो."

"प्रवेशाच्या परीक्षेत भूमितीत आपल्याला शंभरात एकोणतीस आहेत. मोकळा वेळ आपल्याला आहे असं मला वाटत नाही." मास्तरांनी सांगाडा पुन्हा खाटेखाली ढकलला, पण छत्रीनेच, जपून. "खोलीत सरस शिजणार नाही. खोलीत हे सामान राहणार नाही. आणि सहामाहीला एका विषयात जरी नापास झालात, तर हे आपण आपल्या हाताने बंबात घालायचं. कबूल?"

"कबूल," गुणाजी म्हणाला. एवढ्या चटकन म्हणाला, की मास्तर दारातून मागे वळून पाहू लागले.

वसतिगृहाच्या मागे जळणाची खोप होती. गुणाजीने आपलं सामान तिकडे हलवलं. सरस बंद झाला. काजूच्या झाडाला येतो तो डिंक गोळा करून भिजवला, तर तो सुकला की घट्ट धरी आणि पावसाळी हवेत पुन्हा चिकट होई. मग त्याने सांधे मेण लावलेल्या दोऱ्याने गुंडाळून बांधले, होडीचे बांधतात तसे, आणि डिंक नुसता आधाराला ठेवला. पंखावर पतंगाचा कागद तांदळाच्या खळीने चिकटवला. दोन आठवड्यांनी पाहतो तर झुरळांनी खळ खाऊन कागदाची चाळण केलेली. त्याने कागद फाडून काढला. बाजारातल्या पुस्तकं बांधणाऱ्याकडे जाऊन विचारलं, तुमच्या वह्यांना झुरळं का लागत नाहीत? त्याने सांगितलं, खळीत मोरचूद घाल. गुणाजीने घातला. दुसऱ्या वेळी झुरळं फिरकली नाहीत.

दिवसाचा अभ्यास संपवून, भूमितीची पाच प्रमेयं पाटीवर लिहून काढल्याशिवाय तो खोपीकडे जायचा नाही. हा दंड त्याने स्वतःच स्वतःला घातला होता. बाबल्या थट्टेने म्हणायचा, "आमच्या विमानमास्तरांचं तिकीट भूमितीच्या खिडकीवर मिळतं." पण प्रमेयं तपासून द्यायला तोच बसायचा.

सहामाहीत गुणाजीला भूमितीत एक्कावन्न गुण मिळाले. फणसळकर मास्तरांनी निकाल वाचताना त्याचं नाव घेतलं, चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि पुढचं नाव वाचलं.

धोंडूबाई बाजार उरकला की दर दोन-चार दिवसांनी वसतिगृहाच्या फाटकाशी यायची. आत कधी यायची नाही. रिकामी पाटी बाहेर उंडीच्या झाडाखाली ठेवून उभी राहायची आणि कोणीतरी गुणाजीला हाक मारायचं. एके दिवशी तो धावत आला तो विमान हातात घेऊनच. दिवाळी होऊन गेली होती, हवा कोरडी झाली होती.

"ह्या काय?" धोंडूबाईने विचारलं.

"विमान, आये. बग तरी."

तिने हात मागे घेतले. "नको रं बाला. माज्या हाताला म्हावऱ्याचा वास. तुजा कागद नासंल." पण डोळे मात्र तिने पंखावरून फिरवले. तिचा बाप शिडं शिवायचा. लहानपणी ती त्याच्यापुढे दोरा ओढायला बसायची. "परिक्षेत इचारतात ह्या?"

"नाय."

"मंग कशाला करतोस?"

"उडावा म्हनून."

या उत्तरावर तिला राग आला नाही, हे गुणाजीने पाहिलं. मग न राहवून तिने पदराला बोटं पुसली आणि एका नखाने पंखाचा कागद हलकेच दाबला. कागद आत गेला आणि तसाच राहिला.

"सैल हाय," ती म्हणाली. "शीड असा असला तर होडी जागची हालनार नाय. नुसता फडफडंल."

"आनखी ओढला तर फाटतो, आये."

"ओढू नको. भिजव. नवीन शीड पयला भिजवून सुकवायचा. सुकताना त्या आपला आपन ताठ होतां. तोंडात पानी घे नि फुंकर मार, दव पडल्यासारका. उनात नको ठेवू, सावलीत ठेव."

"कागद विरघलंल."

"एक तुकडा करून बग ना आदी. सगला एकदम कशाला?"

त्याने तुकडा करून पाहिला. कागद ओला होऊन लोंबला, तेव्हा त्याला वाटलं, संपलं. तासाभराने तोच कागद टाचणी टाकली तर वाजावी इतका ताणला होता. त्याने दोन्ही पंख भिजवले. एक पंख सुकताना पिळवटून वाकडा झाला. तो फोडून नव्याने केला आणि या खेपेला सुकेपर्यंत खाली फळी ठेवून वर चार विटा ठेवल्या. कागद त्या दिवसापासून कधी सैल राहिला नाही.

गावाच्या वरच्या अंगाला जांभ्याचा सडा आहे. झाड नाही, झुडूप नाही, पायाखाली काळा खडबडीत दगड आणि पावसानंतर सुकलेलं पिवळं गवत. रविवारी सकाळी गुणाजी तिथे जाऊ लागला. विमानाच्या पोटाखालून पुढच्या पंख्यापासून शेपटीपर्यंत रबराच्या पट्ट्या ताणलेल्या होत्या. मोटारस्टँडवर फाटकी ट्यूब मागून आणून त्याने त्या कात्रीने कापल्या होत्या. पंखा बोटाने उलटा फिरवून रबराला पीळ द्यायचा आणि सोडायचं. पीळ उलगडताना पंखा गरगर फिरतो.

पहिल्या दिवशी विमान पाच पावलं गेलं आणि नाक वर करून शेपटीवर पडलं. गुणाजीने कोटाच्या खिशातून वही काढून लिहिलं: "उड्डाण पहिलं. पन्नास पीळ. पाच पावलं. शेपूट मोडली." बाबल्या बरोबर आला होता. तो म्हणाला, "याला उड्डाण म्हणायचं?"

"नाव तेच राहणार," गुणाजी म्हणाला. "पावलं बदलतील."

नाताळापर्यंत वहीत एकतीस उड्डाणं झाली. सर्वांत लांबचं वीस पावलं. सातदा शेपूट मोडली, तीनदा पंख, आणि एकदा विमान सड्यावर चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर उतरलं, त्यात मात्र काहीच मोडलं नाही. रबर लवकर तुटायचं. रबर मऊ राहावं म्हणून गुणाजीने त्याला खोबरेल लावलं, तर चार दिवसांत ते फुगून लिबलिबीत झालं आणि बोटांना काळं लागू लागलं. त्याला कळेना, चुकतंय कुठे.

त्याच सुमारास बाबल्याच्या मुंबईच्या चुलत्याने दोन सदरे पाठवले. सदऱ्यांभोवती कोणत्याशा इंग्रजी मासिकाचं पान गुंडाळलेलं होतं. बाबल्या ते फेकणार, इतक्यात गुणाजीने झडप घातली. पानावर चित्र होतं. एक साहेब, हातात विमान, विमानाच्या पोटाखाली रबर. अगदी त्याच्यासारखंच. खाली बारीक इंग्रजी मजकूर. पान मधोमध फाटलेलं, अर्धा मजकूर गेलेला.

गुणाजीला इंग्रजी येत नव्हतं. मराठी शाळांच्या मास्तरांना ते शिकवतच नसत. बाबल्याला अक्षरं लागत, अर्थ लागत नसे. कॉलेजात नीट इंग्रजी जाणणारा माणूस एकच होता.

"जाऊ नकोस," बाबल्या म्हणाला. "विसरलेत ते. आपण होऊन आठवण कशाला देतोस?"

गुणाजी गेला. फणसळकर मास्तर ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्याने पान पुढे केलं आणि सगळं एका दमात सांगितलं, सरस सोडला, खोपीत काम करतो, एकतीस उड्डाणं झाली, रबर टिकत नाही, यात काही लिहिलं असेल तर वाचून दाखवा. मास्तरांनी अडकित्ता खाली ठेवला. पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"एकतीस?" ते म्हणाले.

"होय मास्तर. लिहून ठेवली आहेत."

"आणि एकदाही नीट उडालं नाही."

"नाही."

मास्तर वाचू लागले. सावकाश, एकेक वाक्य मराठीत करून, जणू वर्गात बसले होते. रबरास तेल कदापि लावू नये. तेलाने रबर कुजते. मऊ साबण आणि ग्लिसरीन समप्रमाणात घेऊन चोळावे. रबर उन्हात ठेवू नये. पीळ देण्यापूर्वी ते थोडे ताणून घ्यावे, म्हणजे अधिक पीळ बसतो. पुढे विमानाचा तोल कसा साधावा असा मथळा होता आणि तिथेच पान फाटलेलं होतं.

"पुढचा भाग?"

"तेवढंच आलं, मास्तर."

मास्तरांनी पान परत दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, गुणाजीला वाटलं, थोडी निराशा होती. "ग्लिसरीन दवाखान्यात मिळतं," ते म्हणाले. "घशाला लावायला देतात. मात्र घसा दुखतो असं खोटं सांगून आणायचं नाही. कशाला हवं ते सांगून आणायचं."

गुणाजीने खरं सांगितलं. कंपाउंडर पाच मिनिटं हसला आणि मग त्याने अर्धी बाटली भरून दिली.

आता रबर दोनशे पीळ घेऊ लागलं. पण नाक वर करण्याची खोड गेली नाही. विमान जोरात सुटे, झटकन वर चढे, मध्येच जागच्या जागी थांबल्यासारखं होई आणि मागे कोसळे. जितका पीळ जास्त तितकं जास्त मोडे. वार्षिक परीक्षा आली, झाली, गुणाजी पास झाला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेला. उड्डाणं अठ्ठावन्न.

सुट्टीत तो केरूकाकाबरोबर होडीवर जाऊ लागला. एके सकाळी ते मासळी उतरवून रिकामे परतत होते. वारा बरा होता, तरी होडी नाळ उचलून फदाफदा आपटत होती, शीड भरूनही पुढे सरकत नव्हती. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. केरूकाका सुकाणूवरून ओरडला, "गुण्या, निरम फुडं टाक!"

निरम म्हणजे होडीच्या तळात वजनाला ठेवलेले दगड. गुणाजीने दोन धोंडे उचलून पुढे नेले. नाळ खाली बसली, आपटणं थांबलं आणि होडी पाणी कापत सुटली.

तिसरा धोंडा हातात धरून गुणाजी तसाच उभा राहिला.

"टाक ना रं, काय बगतोस?" केरूकाका म्हणाला.

"काका, विमानाला निरमच नाय," गुणाजी म्हणाला.

"कोनाला?"

"सगला वजन मागं हाय. शेपटीकडं. म्हनून नाळ उचलता."

केरूकाकाला यातलं काही कळलं नाही. त्याने एवढंच पाहिलं की पुतण्या घरी पोचताच जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या शोधत सुटला.

दुसऱ्या वर्षाला जून उजाडला तेव्हा गुणाजीने जुनं विमान दुरुस्त केलं नाही. त्याने ते सोडवलं, कामाच्या काड्या बाजूला काढल्या आणि नव्याने सुरुवात केली. शेपूट हलकी, नाक आखूड, नाकात शिशाची एक गोळी, मागेपुढे सरकवता येईल अशी. पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोलून पाहायचं आणि गोळी केसभर पुढे, केसभर मागे करायची. पावसाळाभर एवढंच चाललं. खोपीतली जागा आता अपुरी पडू लागली, कारण जळण भरून आलं होतं. एक दिवस त्याने पाहिलं तर स्वयंपाकघरामागच्या पडवीचा कोपरा कोणीतरी झाडून रिकामा केला होता. आचाऱ्याने तोंड वाकडं करून सांगितलं, "सुपरिंटेंडंटसाहेबांचा हुकूम आहे. माझा नाही."

पावसाळा सरल्यावर सड्यावरच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. नाक आता उचलत नव्हतं, पण विमान डावीकडे कलंडून गोल फिरत खाली येई. गुणाजी वहीत लिहीत गेला. सत्तरावं उड्डाण. पंचाहत्तरावं. पंखा ज्या बाजूला फिरतो त्याच्या उलट बाजूला विमान ओढलं जातं हे त्याला बारा-पंधरा खेपांनंतर उमगलं. त्याने शेपटीचा उभा कागद उजवीकडे जरासा वाकवला. बोटभरही नाही, तांदळाच्या दाण्याएवढा. ब्याऐंशीव्या उड्डाणात विमान सरळ गेलं आणि साठ पावलांवर गवतात अलगद टेकलं. गुणाजी त्याच्या मागे धावला नाही. जागीच उभा राहून त्याने वहीत लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

माघ महिन्यातल्या एका रविवारी त्याने आईला सड्यावर बोलावलं. ती बाजार लवकर उरकून, पाटी बाजारातल्या हौसाकडे ठेवून चढ चढून आली. बाबल्या होता. आणि कोणी बोलावलं नसताना फणसळकर मास्तरही छत्री घेऊन फिरायला आल्यासारखे आले. धोंडूबाईने पदर सावरला आणि ती दोन पावलं मागे सरली. मास्तरांनी तिला नमस्कार केला. तिने गोंधळून खाली पाहिलं.

"पीळ किती?" मास्तरांनी विचारलं.

"तीनशे देतो आज."

"तुटेल."

"तुटलं तर तुटलं. दुसरं रबर कापून ठेवलंय."

बाबल्याने शेपूट धरली. गुणाजी रबर ताणून पंखा फिरवू लागला. दोनशे ऐंशीला रबराला गाठींवर गाठी चढल्या, सांगाडा कुरकुरला. तीनशे झाले. वारा खाडीकडून हलका येत होता. गुणाजीने वाऱ्याकडे तोंड केलं आणि विमान हातातून ढकललं, फेकलं नाही.

विमान आधी खांद्याच्या उंचीने गेलं. मग एकसारखं चढू लागलं, नाक न उचलता, सरळ पायरीपायरीने चढावं तसं. माडाएवढं झालं, त्याहून वर गेलं. पंख्याची घरघर ऐकू येईनाशी झाली. मास्तरांनी कोटातून घड्याळ काढलं होतं. "वीस," ते म्हणाले. "तीस." विमान उजवीकडे मोठं वळण घेऊन परत डोक्यावर आलं. पंखा थांबला होता, तरी ते खाली पडत नव्हतं. पंख न हलवता तरंगत होतं. धोंडूबाई मान वर करून पाहत होती, तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"पन्नास."

सड्याच्या कडेवर दरीतून उष्ण वारा वर येतो, तिथे घारी फिरतात. विमान त्या वाऱ्यात सापडलं. ते उतरायचं सोडून पुन्हा वर चढलं आणि कडेपलीकडे, खाडीच्या मुखाकडे सरकत गेलं. गुणाजी धावला. कडेशी पोचेपर्यंत ते बोटाएवढं झालं होतं. पांढऱ्या आभाळात एक टिंब. मग तेही दिसेना.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," मागून मास्तरांचा आवाज आला. "दिसत होतं तोवर."

संध्याकाळपर्यंत चौघांनी उतार धुंडाळला. काजूच्या बागा पाहिल्या, खाडीचा काठ पाहिला. तरीवाल्याला विचारलं. विमान मिळालं नाही. दीड वर्षांचं काम गेलं. बाबल्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो उगाच दगडाला लाथा मारत चालू लागला. धोंडूबाई मुलाच्या तोंडाकडे पाहत होती. तिला भीती वाटत होती.

"बाला, वाईट वाटतां?" तिने विचारलं.

गुणाजीला खरंच विचार करावा लागला. वाईट वाटत होतं, पण ते कुठेतरी खाली होतं. वर वेगळंच काही होतं. "आये, पंख न हालवता उडाला," तो म्हणाला. "बगितलंस ना तू?"

"बगितलां तर."

"मंग झाला. कांबटां हायत अजून. फुडल्याला पंख लांब करीन."

मार्चमध्ये हस्तव्यवसायाच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. गुणाजीने नवं विमान टेबलावर ठेवलं. परीक्षकांनी ते चारी बाजूंनी पाहिलं, यादीवर बोट फिरवलं. माती, पुठ्ठा, वेत, सूत. "हे यादीत नाही," ते म्हणाले. "याला गुण देता येणार नाहीत." गुणाजीने विमान उचलून खिडकीत ठेवलं, पुठ्ठा मागून घेतला आणि अर्ध्या तासात झाकणाची पेटी करून दिली. कोपरे काटकोनात, झाकण हवाबंद. पन्नासात त्रेचाळीस गुण पडले. बाहेर आल्यावर बाबल्या संतापून म्हणाला, "तुला काहीच वाटत नाही?"

"पेटी सोपी होती," गुणाजी म्हणाला.

तो पहिल्या पंधरांत पास झाला. पहिली नेमणूक राजापूर तालुक्यातल्या एका आडगावी मिळाली. पुढच्या पाच वर्षांत तीन बदल्या झाल्या. लग्न झालं. बायको सखू पहिलं वर्षभर विमानाला हात लावायला घाबरायची. मग एकदा तिने हळूच सांगितलं, की तुम्ही पीळ मोजताना बोलता म्हणून चुकता, मी मोजते. तेव्हापासून मोजायचं काम तिचं झालं. भात कापून झालं की मळे मोकळे होत आणि शाळा सुटल्यावर दोघं विमान घेऊन बाहेर पडत. वहीच्या तीन वह्या झाल्या. १९३८ साली उड्डाणांचा आकडा सहाशेच्या पुढे गेला होता. त्यातली निम्मी फसलेली, तीही त्याच शाईने लिहिलेली.

फणसळकर मास्तर निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेले. त्यांचं वर्षातून एखादं कार्ड येई. प्रकृती, हवापाणी, आणि शेवटी एक ओळ: हल्ली किती सेकंद?

१९३९ च्या जूनमध्ये चौथी बदली झाली. सामानाची गाडी पुढे गेली. मागून नव्या गावात गुणाजी आणि सखू चालत पोचली. गुणाजीच्या डोक्यावर बांबूचा लांबट खोका होता, तो त्याने बैलगाडीत ठेवू दिला नव्हता. देवळापाशी गावचा पाटील आणि चार माणसं नव्या मास्तरांना सामोरी आली. पाटलाने खोक्याला हात लावायला पाहिलं, तसा गुणाजी बाजूला झाला.

"एवढं जपून काय आणलंत मास्तर? काचेचं सामान?"

"विमान," गुणाजी म्हणाला.

माणसं एकमेकांकडे पाहून हसली. गुणाजीने खोका देवळाच्या कट्ट्यावर अलगद टेकवला, घाम पुसला आणि विचारलं, "पाटील, गावात उघडा सडा कुठल्या अंगाला आहे? आणि तिथे वारा कुठून येतो?"